भोपळ्याला पहिली चीर

नादेजने भोपळा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "येईल का गं तो?"

तो म्हणजे तिचा मामा, विल्नर. मी गाजरं सोलत राहिले.

दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका व्हिलाचे मालकाने चार तुकडे करून भाड्याने दिले आहेत. त्यातल्या वरच्या तुकड्यात मी आणि नादेज राहतो. ती अतिदक्षता विभागात नर्स आहे, मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट. ती हैतीची, मी नाशिकची. राहायला आले तेव्हा हैती नकाशावर कुठे आहे हे मला शोधावं लागलं होतं. आता मला तिथल्या रस्त्यांची, डोंगरांची, रेडिओवरच्या निवेदकांची नावं पाठ आहेत, कारण नादेज भांडी घासताना तिकडच्या बातम्या मोठ्याने लावते आणि मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

एक जानेवारी हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी जगात जिथे हैतीचा माणूस आहे तिथे भोपळ्याचं सूप शिजतं. गुलामगिरीच्या काळात हे सूप करायचं गुलामांनी आणि प्यायचं मालकांनी. गुलामाने चाखायलाही बंदी. मालकांना हाकललं त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते प्यायलं, आणि तेव्हापासून दर वर्षी पितात. दोह्यात हैतीची माणसं इतकी थोडी आहेत की दोन सतरंज्यांवर मावतात. आजवर ती विल्नरच्या घरी जमायची. तो हमद पोर्टवर क्रेनच्या देखभालीचा सुपरवायझर, सगळ्यांत आधी इथे आलेला, निम्म्या लोकांना त्यानेच नोकरीची वाट दाखवलेली. नादेजलाही.

या वर्षी त्याने सांगितलं होतं, "माझ्याकडे सूप नाही. ज्यांना रस्ते अडवणारे प्रिय आहेत, त्यांनी आपापलं शिजवावं."

भांडण राष्ट्राध्यक्षावरून होतं. गेल्या शरदात लोक त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. तिजोरीतून गेलेल्या पैशाचा हिशेब द्या नाहीतर खुर्ची सोडा, असं त्यांचं म्हणणं. आठवडेच्या आठवडे रस्ते बंद, शाळा बंद, पेट्रोल पंप बंद. त्याला ते 'पेयी लॉक' म्हणतात. मी नादेजला म्हटलं होतं, आमच्याकडे याला नुसतं 'बंद' म्हणतात, पण तो बहुधा एका दिवसात आटोपतो. ती म्हणाली होती, "मग तुमचे नेते लवकर ऐकतात की लोक लवकर थकतात?"

नादेजचा धाकटा भाऊ केस्नेर त्या मोर्चांत पुढे होता. आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या आईला, म्हणजे विल्नरच्या सख्ख्या बहिणीला, डायलिसिससाठी लेओगानहून राजधानीकडे नेत असताना अ‍ॅम्ब्युलन्स अडथळ्यापाशी अडली. ती वाचली. पण विल्नरने त्या दिवसापासून भाच्याशी बोलणं टाकलं आणि भाचीशी जेवढ्यास तेवढं.

"नाही आला तर?" मी विचारलं.

"तर त्याचंच ऐकणारा फ्रित्झ येणार नाही, फ्रित्झमागचे बाकीचेही येणार नाहीत. मिशलीन येईल, कारण ती फुकट जेवायला कुठेही येते." मग तिने जे सांगितलं ते मराठीत एवढंच येईल, "तो आला नाही तर या शहरात मला माहेर उरणार नाही, नुपूर."

तेवढ्यात खालच्या तुकड्यातल्या सुचित्राकाकू वर आल्या. हातात विळी. गिरीशकाका समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असले की काकूंना घर खायला उठतं आणि त्या आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतात. भोपळा बघून त्यांचे डोळे चमकले.

"केवढा गं हा लाल भोपळा!"

"आमच्याकडे डांगर म्हणतात," मी म्हटलं.

"नाशिकला काय वाट्टेल ते म्हणतील. सुरीने नाही फुटायचा हा, म्हणून विळी आणली. आणि माझं बाजूला काढणार आहेस ना गं, नादेज? नो मीट?"

"स्मॉल पॉट, ऑन्टी. ओन्ली व्हेज," नादेजने छोटं पातेलं दाखवलं.

मांस सकाळपासून लिंबू-लसणात मुरत होतं. कोबी, बटाटे, मॅकरोनी तयार. नायजेरियन दुकानातून आणलेली एक गुबगुबीत पिवळी मिरची वाटीत एकटी बसली होती. ती सुपात अख्खी सोडायची, आणि शिजेपर्यंत फुटू द्यायची नाही. वास हवा, जाळ नको. फुटली तर सगळं सूप वाया. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मला ही पद्धत फार आवडली होती.

फक्त एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं नव्हतं. ते अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं विल्नरचं. भांडणातही त्याने ते द्यायचं कबूल केलं होतं. पातेलं सगळ्यांचं असतं, असं म्हणाला होता.

बेल वाजली.

दारात तो उभा होता. पोर्टवरचा निळा गणवेश, काखेत पातेलं, दुसऱ्या हातात झाकण. एवढा उंच की आमच्या दाराची चौकट त्याला विचारूनच बांधायला हवी होती.

"भांडं," तो म्हणाला.

"आत तर या, मामा."

"शिफ्ट आहे."

"आज तुमची सुट्टी आहे. फ्रित्झने सांगितलं."

"फ्रित्झ फार बोलतो." त्याने पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं, पाय बाहेरच ठेवले. नादेज वाकून ते उचलायला गेली, आणि मला दिसलं की तिला ते उचलायचंच नव्हतं. ते उचललं की तो निघणार.

"अगं बाई! थांबवा त्यांना!" काकू आतून ओरडल्या. पदराला हात पुसत दारापाशी आल्या आणि विल्नरकडे बघून हात जोडले. "मिस्टर मामा. प्लीज. पम्पकिन."

"काय झालं?" विल्नरने मला विचारलं.

मला तरी कुठे माहीत होतं. काकूंनी मला मराठीत सुनावलं, "सांग त्यांना. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली चीर द्यायची नसते. घरातल्या पुरुषाने द्यायची. मग पुढे आपण कापायचा. आपल्यात तसंच आहे."

"काकू, याला काय आधार आहे?"

"आधार? पाहुणा दारात उभा आहे आणि निघायच्या बेतात आहे. तुला आणखी कसला आधार पाहिजे?"

मी मुकाट्याने भाषांतर केलं. ही आमच्याकडची चाल आहे, घरात दुसरा पुरुष नाही, आणि तुम्ही चीर दिल्याशिवाय या बाई मला विळीला हात लावू देणार नाहीत, असं सांगितलं. शेवटचं वाक्य माझं होतं.

विल्नर नादेजकडे बघू लागला. "हे तू ठरवून केलंस?"

"मी हे पहिल्यांदाच ऐकतेय!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते कोणालाही पटलं असतं.

"एक चीर," तो म्हणाला. "मग मी जाणार."

त्याने बूट काढले. पण विळी चालवायला जमिनीवर बसावं लागतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी बसून दाखवलं: एक पाय मुडपायचा, दुसऱ्याने पाट दाबून धरायचा, आणि पातं हलवायचं नाही, भाजी हलवायची. "उलटं आहे," तो म्हणाला. "सुरी जागेवर आणि माणसाने मेहनत करायची." मग गुडघ्यावर हात ठेवत, क्रेन खाली यावी तसा टप्प्याटप्प्याने तो बसला. भोपळा दोन्ही हातांत धरून पात्यावर दाबला. कर्रर्र आवाज झाला आणि पातं आत रुतून बसलं. भोपळा पुढेही जाईना, मागेही येईना.

"आमच्यात म्हण आहे," मी म्हटलं. "ज्यांचं अजिबात पटत नाही, त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य."

त्याला ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर तो पहिल्यांदा हसला. "मग नादेज कोण? विळी की भोपळा?"

"ती विळी," दारातून आवाज आला. मिशलीन आली होती. ती एका शाळेत फ्रेंच शिकवते आणि कुठल्याही खोलीत बोलतच शिरते. "भोपळा तुम्ही, विल्नर. आकार बघा. आणि हे काय, जमिनीवर? राष्ट्राध्यक्षाच्या पाया पडताय का?"

"त्याच्या पाया पडायला मी त्याचं मीठ खात नाही."

"बाजू तर घेता!"

"मी माणसाची बाजू घेत नाही, मुदतीची घेतो!" विल्नरने भोपळ्यावर जोर दिला. "लोकांनी निवडलाय. मुदत संपेपर्यंत राहू द्या. मग मतपेटीतून काढा. आपण काय करतो? दर वेळी 'देशुकाज'. मुळासकट उपटा! मी लहानपणी बघितलंय. उपटणारे हजार, आणि खड्ड्यात नवं रोप लावायला एक माणूस नाही."

काटकन आवाज आला आणि भोपळा दुभंगला. केशरी गर, ओल्या बिया, आणि काकडीसारखा गार वास. काकूंनी टाळी वाजवली. विल्नर उठू लागला, उठता येईना. मुडपलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"बसा मामा, बसा," काकू म्हणाल्या. "पाय मोकळा होईपर्यंत फोडीच करा."

तो फोडी करू लागला. नादेजने वळून गॅस पेटवला. तिचा चेहरा मला दिसला आणि मी पटकन गाजरांकडे बघितलं.

पाऊण तासात खोली भरली. मिशलीनने फोनवर कोणाकोणाला कळवलं होतं की भोपळा फुटला आणि म्हातारा जमिनीवर बसलाय. फ्रित्झ सगळ्यांत आधी धावत आला. तो एका कंपनीत अकाउंटंट आहे आणि विल्नर जे बोलतो ते पुन्हा जरा हळू आवाजात बोलतो. पातेल्यात भोपळ्याचा लगदा रटरटत होता, वर मिरची तरंगत होती, आणि भांडण मात्र अजिबात मंद आचेवर नव्हतं.

"निवडलाय म्हणता," नादेज म्हणाली. "मत द्यायला किती लोक गेले होते? आई गेली होती? शेजारी?"

"न जाणं हीसुद्धा त्यांची निवड."

"मग रस्त्यावर येणं ही नाही?"

"रस्त्यावर येणं वेगळं, रस्ता अडवणं वेगळं. टायर जाळून, भांडी बडवून देश चालत नाही."

"चालत नाही," फ्रित्झ म्हणाला.

"तू गप्प बस, प्रतिध्वनी," मिशलीन म्हणाली. "हे सूप काय आहे मग? तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेल, मालकाची मुदत संपू दे, घाई कशाला?"

"मालक आणि निवडलेला माणूस यात फरक आहे!"

"तोच फरक त्याला कोणी सांगावा म्हणून तर लोक ओरडतात!"

सगळे एकदम बोलू लागले. कोणीतरी खिडकी लावून घेतली. या शहरात मोर्चा काढता येत नाही, आणि घरमालक शेजारच्याच व्हिलात राहतो. भांडण समजणाऱ्यांमध्ये मीच एकटी कुठल्याच बाजूची नव्हते, म्हणून मिशलीनने मला खुर्चीवर उभं केलं. "ही शास्त्रज्ञ आहे. ही ठरवेल."

"मी काही ठरवणार नाही," मी म्हटलं. "मला फक्त एक विचारायचंय. आमच्या प्रयोगशाळेत एखादी गोष्ट मांडली की आधी सांगावं लागतं, काय दिसलं तर मी चुकले असं मानीन. तुम्ही सांगा. काय कळलं तर तुमचं मत हलेल?"

नुसता रटरट आवाज.

नादेज आधी बोलली. "तो माणूस स्वतः लोकांसमोर उभा राहिला, हिशेब दाखवला, आणि तो खरा निघाला, तर मी म्हणेन माझा भाऊ चुकला."

सगळे विल्नरकडे बघू लागले. तो विळीच्या पात्याला चिकटलेली साल काढत होता. ती झटकून म्हणाला, "माझ्या बहिणीची गाडी ज्यांनी अडवली, त्यांच्यातला एक तरी माणूस असेल ज्याला ती कोण आहे, कशी आहे, याचं काही वाटलं, हे मला कोणी दाखवावं. मग मी मानीन की ते लोक आहेत. झुंड नाही."

"तिलाच विचारा की," मी म्हटलं.

हे मी सहज म्हटलं. उपकरण समोर असताना अंदाज कशाला करायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण खोलीतल्या कोणालाच हे सुचलं नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. विल्नर म्हणाला, "तिला त्या दिवसाची आठवण करून द्यायची नाही." नादेजने मात्र फोन उचलला होता. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडे सकाळ; सूप प्यायची खरी वेळ.

पडद्यावर आई आली. पांढरा रुमाल डोक्याला, हातात वाडगा. मागे केस्नेर, मामा दिसताच बाजूला सरकलेला.

"सगळे आहात? विल्नर पण? अरे वा! मग या वर्षी काहीतरी बरं होणार."

नादेजने आईला विचारलं. सरळ, आडपडदा न ठेवता. अ‍ॅम्ब्युलन्स अडली तेव्हा काय झालं?

आईने वाडगा खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"अडवलं, एवढं माहीत आहे," विल्नर म्हणाला.

"तेवढं ऐकलंस आणि फोनवर ओरडायला लागलास. पुढचं ऐकायला थांबलास कुठे? अडवलं, खरं आहे. दगडांची रास, मोठं झाड आडवं. गाडी जाणंच शक्य नव्हतं, त्यांनी ठरवलं असतं तरी. मग त्यातल्या एका पोराने काचेतून आत बघितलं आणि बाकीच्यांना हाक मारली. त्यांनी मला स्ट्रेचरसकट खांद्यावर घेतलं. त्या राशीवरून, विल्नर! मी म्हटलं पाडाल मला, तर म्हणाले, आजी, आम्ही संतांची मिरवणूक काढतो तेव्हा पुतळा पाडतो का? आणि गायला लागले. पलीकडे एक जण मोटार घेऊन उभा होता, तो मला दवाखान्यात सोडून परत मोर्चात गेला. इतकी वर्षं मी चर्चमध्ये जाते, पण मला कधी कोणी असं नेलं नव्हतं."

"हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? तू म्हणालास, तुझ्या पोराच्या लोकांनी तुला मारलं असतं. मी म्हटलं, याच्याशी कोण बोलणार. तू आणि हा," तिने मागे अंगठा दाखवला, "दोघं एकाच गाढवाची पिल्लं."

केस्नेर पडद्यात आला. "मामा, मी तिथे नव्हतो. असतो तर मी पण उचलली असती."

विल्नरने विळी बाजूला सारली. त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. हाताला भोपळा लागलेला, त्यामुळे कपाळ केशरी झालं. कोणी हसलं नाही. मग तो भिंतीला धरून उठला. मला वाटलं आता हा निघणार. नादेजलाही तसंच वाटलं; ती दार आणि तो यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"सरक," तो म्हणाला. "तुझ्या मागे डाव आहे."

त्याने डाव घेतला, झाकण उचललं आणि झाकणावर डाव आपटला. दण्ण! पुन्हा, दण्ण, दण्ण! सगळी खोली दचकली. फोनमधून केस्नेर ओरडला, "हे कोण वाजवतंय?"

"मी!" विल्नर गरजला. "मोर्चा नाही, जेवायला बोलावतोय! आणि कान उघडून ऐक. मी चुकलो. एवढ्यापुरता. मुदतीबद्दल मी चुकलेलो नाही, ते तुला पुढच्या वर्षी पटवीन. पण ते लोक आहेत. ऐकलंस? लोक आहेत. आणि उद्या जाशील तिथे एक बाजू मोकळी ठेवायला सांग. दर वेळी खांदे मिळतीलच असं नाही."

"ठेवतो, मामा."

"खलास."

मग जो आवाज झाला तो मला लिहून सांगता येणार नाही. तिकडे केस्नेर वाडग्यावर चमचा वाजवत होता, इकडे मिशलीनने आमची ताटं घेतली, आणि फ्रित्झने, ज्याने आयुष्यात स्वतःहून काही केलं नव्हतं, बंद केलेली खिडकी उघडली आणि छोटं पातेलं बडवायला घेतलं. काकू त्याच्या हातून ते ओढून घेत होत्या. "अहो, त्यात माझं व्हेज आहे!" आणि मला म्हणाल्या, "सांग गं यांना, आपल्यात सूप वाजलं म्हणजे कार्यक्रम संपला."

मी सांगितलं. आमचं सूप म्हणजे धान्य पाखडायचं, आणि ते वाजलं की सगळं आटोपलं.

"आमचं वाजलं की सुरू होतं," विल्नर म्हणाला.

नादेजने डावाने मिरची अलगद बाहेर काढली. अख्खी होती. तिने ती सगळ्यांना दाखवली, कप जिंकल्यासारखी वर धरून, आणि पहिला वाडगा मामाच्या हातात दिला. तो त्याने काकूंपुढे केला. काकूंनी आपलं छोटं पातेलं दाखवून नकार दिला. मग त्याने तो नादेजलाच दिला आणि ती पिईपर्यंत समोर उभा राहिला.

तिसऱ्या वाडग्याला भांडण पुन्हा सुरू झालं होतं. मुदत, मतपेटी, हिशेब, फ्रेंच, इंग्रजी, क्रेओल, सगळं एकाच पातेल्यात. फ्रित्झ चक्क मिशलीनच्या बाजूने बोलला, आणि विल्नरने त्याला "गद्दार" म्हणून आणखी सूप वाढलं.

मी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, गेल्या आठवड्यात तुम्ही मला घारगे दिले होते. भोपळ्याचे."

"मग?"

"काका तेव्हाही प्लॅटफॉर्मवर होते. तो भोपळा कोणी कापला?"

काकूंनी शांतपणे सुपाचा घोट घेतला. "तुझी ती प्रयोगशाळा प्रयोगशाळेत ठेव," त्या म्हणाल्या. "चाल आहे ती खरीच आहे. पाळायची कधी, ते आपण ठरवायचं."

निघताना विल्नरने बूट घातले, सगळ्यांना मिठ्या मारल्या. नादेजने पातेलं घासून, पुसून दारात आणून ठेवलं. त्याने ते उचललं, तळाशी हात फिरवून बघितला, आणि परत आत येऊन आमच्या ओट्याखाली सरकवून दिलं.

"राहू दे इथेच," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा कुठे वाहून आणू? माझा गुडघा दुखतो." मग काकूंकडे वळून म्हणाला, "आणि ती विळी. ती पण ठेवा."